शेवट सांगा, मंग बसा

वाशीमला मी ज्यांच्या माडीवर भाड्यानं राहत होते, ते गृहस्थ भाजी आणायला निघाले तरी कुठं निघालो हे सांगत नसत. हातात कापडी पिशवी, पिशवीतून आदल्या दिवशीच्या कोथिंबिरीची काडी डोकावतेय, रस्ता सरळ मंडईचा. समोरच्या दुकानदारानं "कुठं निंगाले चाचा?" असं विचारलं की हे थांबणार, डावीउजवीकडं पाहणार आणि हळूच म्हणणार, "सांगता येत नाई." दुकानदारही गंभीर चेहऱ्यानं "बराबर हाये" म्हणायचा आणि वर "येतानी माह्यासाठी पावभर मिरच्या आनजा" अशी पुरवणी जोडायचा. मिरच्या यायच्या.

आपल्या घरी काय शिजतंय हे जिथं गल्लीला आपल्याआधी कळतं, तिथं गुप्तहेर होऊन राहणं सोपं नाही. चाचांनी ते उभं आयुष्य निभावलं. नोकरी म्हणाल तर बसस्टँडवर कंट्रोलरची. गाड्या आल्या-गेल्याची नोंद करायची, सुटणाऱ्या गाडीच्या कागदावर सही करायची आणि भोंग्यावरून फलाट सांगायचा. चाची सांगायच्या की फलाटाचा नंबर ते मुद्दाम ऐन वेळी सांगत. आधी सांगितला तर बातमी फुटते, असं त्यांचं म्हणणं. मालेगावचे उतारू बोचकी घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत सुटायचे आणि हे काचेमागून समाधानानं बघायचे.

मी खोली बघायला गेले त्या दिवशी माझी रीतसर उलटतपासणी झाली. मी कोर्टात लघुलेखक, साक्षीदार बोलतो ते उतरवून घेणारी. पण पिंजऱ्यात उभं राहायची वेळ पहिल्यांदाच आली होती. चाचांनी माझ्या चपलांकडं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "तुमी इंझोरीहून आल्या."

"नाही, अकोल्याहून. रेल्वेनं."

"मंग बराबर हाये," ते जराही न डगमगता म्हणाले. "इंझोरीची गाडी आज आलीच नाई."

खोली मला मिळाली. आपला अंदाज चुकला असं त्यांना त्या दिवशी वाटलं नाही आणि नंतरही कधी वाटल्याचं मला आठवत नाही.

हॉटेलात बसायचं तर पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडं, हा त्यांचा नियम. स्टँडसमोरच्या हॉटेलात तशी एकच जागा होती, ती भट्टीला लागून. ऐन मे महिन्यात चाचा तिथं बसून चहा पीत आणि घामानं न्हाऊन बाहेर पडत. चाचींशी फोनवर ते खुणेच्या भाषेत बोलत. "पाहुना आला का?" म्हणजे सिलिंडर आला का. ही खूण सिलिंडरवाल्यालाही ठाऊक होती, तो दारातूनच ओरडायचा, "चाची, पाहुना आला." एकदा नळाचं मीटर तपासणाऱ्या नव्या माणसाचा त्यांना संशय आला म्हणून त्यांनी त्याचा पाठलाग केला. दुसऱ्याच चौकात त्या माणसानं मागं वळून सलाम केला आणि चहा पाजला. वाशीममध्ये पाठलागाचा शेवट बहुतेक असाच होतो.

या सगळ्याचं मूळ एका पिच्चरमध्ये होतं. त्याचं नाव मी सांगणार नाही, कारण चाचाही घेत नसत. ते नुसतं "थो पिच्चर" म्हणत आणि ऐकणाऱ्याला कळे. त्यातल्या गुप्तहेराला ते "आपला मानूस" म्हणत. मी वाशीमला आले त्याच आठवड्यात जिन्याखाली उभं करून त्यांनी मला तो पिच्चर सांगितला आणि पुढं जवळजवळ दर आठवड्याला सांगत राहिले.

आपला माणूस शत्रूच्या डोंगरी किल्ल्यात घड्याळजी बनून शिरतो. किल्ल्याचा मालक एकटाच कॅरम खेळतो आणि एकटा असूनही लबाडी करतो. "आता सांगा मॅडम, जो सोताशी खरं खेळत नाई थो देशाशी काय खेळन?" किल्ल्यातली सगळी घड्याळं बंद पडलेली असतात. गुप्त कागदपत्रं कुठं आहेत ते शोधता शोधता आपला माणूस ती एकेक करून खरोखर दुरुस्त करतो. चाचांचा जीव या जागी अडकला होता. "दुसरा असता त नुसता पेचकस घेऊन फिरला असता. ह्यानं दुश्मनाची घडी बी सुधरवली. काम म्हंजे काम." त्याच्याकडं पिस्तूल नसतं, गाडी नसते. गाणं मात्र असतं. किल्ल्यातली नर्तकी त्याच्यावर भाळते. चाचांच्या मते गाण्यातही आपला माणूस ड्यूटीवर असतो, नाचता नाचता पहारेकरी मोजत असतो.

"कायचे पहारेकरी," चाची आतून म्हणत. "थो बाईकडंच पाहून राहाते. म्या पाह्यला ना, लेडीजमधी बसून."

मी एकदा विचारलं, "आणि शेवटी काय होतं?"

"येते सुखरूप."

"कसा?"

चाचा म्हणाले, "थे तुमी रिठदच्या लोकाइले पुसा. शेवट म्या पाह्यला नाई."

मला वाटलं गंमत करतात. पण ती गंमत नव्हती. ज्या माणसानं तो पिच्चर किती वेळा पाहिला याचा हिशेब त्याला स्वतःला नव्हता, त्यानं त्याचा शेवट एकदाही पाहिलेला नव्हता.

त्याचं असं झालं. टॉकीज स्टँडच्या पाठीमागंच होती. आता तिथं मंगल कार्यालय आहे. तो पिच्चर चांगला चालायचा म्हणून टॉकीजवाला तो फिरून फिरून आणायचा. दुपारचा खेळ सुटायचा आणि रिठदची शेवटची गाडी सुटायची, या दोन वेळा एकमेकींना अगदी थोडक्यात चुकवत. गाडीवरचा ड्रायव्हर वक्तशीर होता आणि ही वाशीममध्ये एक प्रकारची खोडच समजली जायची. रिठदचे लोक बिचारे शेवटाआधी उठून धावत यायचे. ते बघून आपल्या कंट्रोलर साहेबांनी एक व्यवस्था काढली. ते स्वतः दाराजवळच्या खुर्चीवर बसून पिच्चर बघायचे. शेवट जवळ आला की उठायचे, मागच्या गल्लीतून स्टँडवर यायचे आणि रिठदच्या गाडीत खोट काढायचे. कधी वायपर हलत नाही, कधी मागचं टायर बसल्यासारखं वाटतं. खोट सापडली की सही नाही, आणि सही नाही तर गाडी हलत नाही. तेवढ्यात टॉकीजमधून रिठदची मंडळी शेवट बघून सावकाश यायची.

गाडीच्या दाराशी चाचा उभे. भाड्याचं कंडक्टर बघेल, यांचं मागणं वेगळं होतं. "शेवट सांगा, मंग बसा."

म्हणजे अख्ख्या रिठदला शेवट दिसावा म्हणून हा एक माणूस शेवट सोडून यायचा. हे मी त्यांना बोलून दाखवलं तेव्हा ते चिडले. "त्यात काय? ड्यूटी होती."

पुढं तो पिच्चर एकदा टीव्हीवर लागला, तेव्हा यांची पाळी स्टँडवर. मग व्हिडिओची कॅसेट मिळाली, तर तिच्या शेवटच्या भागावर कुणाच्या तरी हळदीचं शूटिंग केलेलं. नर्तकी दोरावरच्या पाळण्यात पाऊल ठेवते आणि पुढच्याच क्षणी पडदाभर नवरदेवाची आत्या. चाचांनी तीही शेवटपर्यंत पाहिली म्हणतात. न जाणो, मध्येच पिच्चर परत लागला तर.

तर शेवटाचे साक्षीदार म्हणजे रिठदकर. त्यातले तीन जण चाचांकडं नेहमी यायचे. एक पाटील, कोर्टाच्या तारखेला आले की तुरीच्या शेंगा नाहीतर हरभऱ्याचे घाटे घेऊन येणारे. दुसरे निवृत्त गुरुजी. तिसऱ्या आत्याबाई, ज्या गावात सगळ्यांच्याच आत्या होत्या. मी एकेकाला गाठून विचारलं. पाटील म्हणाले, आपला माणूस घोड्यावर बसून आला. गुरुजी म्हणाले, पोहून आला. आत्याबाईंनी त्याला आभाळातून छत्रीनं उतरवला.

मी रोज साक्षी उतरवते. निकाल सगळ्यांचा एक आणि तपशील प्रत्येकाचा वेगळा, अशी साक्ष आली की न्यायाधीश पेन खाली ठेवतात. मीही मनातल्या मनात ठेवलं. पण पिच्चरचीच तर गोष्ट, म्हणून सोडून दिलं.

मग चाचांचे डोळे गेले. एकदम नाही, आधी धूसर झाले. अकोल्याच्या डॉक्टरांनी काळा गॉगल दिला तेव्हा त्यांना कोण आनंद झाला. इतकी वर्षं चाची घालू देत नव्हत्या, आता औषध म्हणून मिळाला. ते घरातही तो घालून फिरत आणि दाराच्या चौकटीवर आपटत. पण नुसता मोतीबिंदू नव्हता, आतल्या पडद्याचंही दुखणं होतं. ऑपरेशन करू, पण खात्री देत नाही, असं डॉक्टर म्हणाले. तारीख ठरली. त्या दिवशी संध्याकाळी चाचा जिन्याखाली आले आणि पहिल्यांदाच खुणेची भाषा न वापरता सरळ बोलले.

"मॅडम, मले थो पिच्चर दाखवता का? एकडाव. हाय ते डोळे हायेत तवरक."

चाचांच्या नागपूरच्या लेकीनं नवा टीव्ही पाठवला होता, इंटरनेटचा. मी शोधलं. कुणीतरी पिवळट, ओरखडे पडलेला, पण पुरा पिच्चर टाकून ठेवला होता. रविवार ठरला, वेळ दुपारी तीनची. सकाळी पिच्चर बघणं चाचांना मंजूर नव्हतं. रिठदच्या तिघांना आवतण गेलं.

शनिवारी पाटील तावातावानं मला भेटायला कोर्टात आले. तारीख नसताना माणूस कोर्टात येतो म्हणजे प्रकरण गंभीर.

"मॅडम, तुमी थो पिच्चर कायले सोधला?"

"का हो? चाचांना शेवट बघायचाय."

पाटलांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "आपला मानूस मरते," ते म्हणाले.

कोर्टातली सवय, साक्षीदार बोलायला लागला की मध्ये पडायचं नाही.

"पहिल्या दिसी आमी बाहीर आलो त बाया रडून राह्यल्या होत्या. साहेब गाडीच्या दारात हुबे. पयत आले होते, सारे घामानं भिजलेले. म्हने, काय झालं आपल्या मानसाचं? आता तुमीच सांगा. ज्यानं आपल्यासाठी गाडी धरून ठेवली, त्याच्या तोंडावर मेला म्हनून कसं सांगाव? आत्याबाईच्या तोंडून निंगून गेलं, आला जी सुखरूप. मंग मांगचे सारेच तसंच म्हनले. पुढं त रिवाजच पडला. कोनी नवा मानूस पिच्चरले निंगाला की आमी येतानीच गाडीत सांगून ठेवो, का बाबा साहेबाले काय सांगाचं."

"आणि घोडा? छत्री?"

"थे ठरवाचं राहून गेलं," पाटील खजील होऊन म्हणाले.

ज्या जिल्ह्यात कुणाच्या पोरीला कुठलं स्थळ आलं हे एका दिवसात चार तालुक्यांना कळतं, तिथं एका गावानं एक गुपित इतकी वर्षं राखलं होतं. गुप्तहेर खात्यानं हेवा करावा असं हे काम, आणि तेही एका पिच्चरवेड्या कंट्रोलरसाठी. मला हसू येत होतं आणि पाटलांचा चेहरा बघून हसवत नव्हतं.

पाटलांनी योजना आणली होती. शेवट जवळ आला की ते दाराशेजारचा मेन स्विच पाडणार. वीज गेली म्हणून सांगायचं. मी म्हटलं, हे मला पटत नाही. त्यांना खरं बघायचा हक्क आहे. पाटील म्हणाले, "हक्क हाये, हाव. पन परवा त्याइचं आपरेशन हाये."

त्या संध्याकाळी मी मोबाईलवर शेवट बघून घेतला. किल्ल्यापासून पलीकडच्या डोंगरापर्यंत दोरावरचा पाळणा असतो. तो चालवायला या काठावर कुणीतरी मोठं लोखंडी चाक फिरवत राहावं लागतं. आपला माणूस नर्तकीला आणि कैदेतल्या लोकांना पाळण्यात बसवतो, कागद तिच्या हाती देतो आणि स्वतः चाकाला हात घालतो. पाळणा पलीकडं पोचतो. चाक थांबतं. तेवढंच.

रविवारी तीनला सगळे जमले. चाचा इस्त्रीचा सदरा घालून, गॉगल लावून टीव्हीच्या अगदी पुढ्यात. त्यांना चित्र कितपत दिसत होतं कोण जाणे, पण प्रत्येक वाक्य ते नटाच्या आधी म्हणत होते. घड्याळं दुरुस्त होताना त्यांनी मला कोपरानं ढोसलं. गाणं लागलं तेव्हा चाची म्हणाल्या, "मोजा आता पहारेकरी," आणि ते खरंच बोटांवर मोजू लागले. गुरुजी आणि आत्याबाई खाली माना घालून बसले होते. पाटलांनी खुर्ची मेन स्विचखाली ओढून घेतली होती आणि आपण तिथं सहज बसलोय असं ते दाखवत होते. असा हेर कुठल्याही किल्ल्यात पहिल्याच दिवशी पकडला गेला असता.

पडद्यावर पाळणा आला. नर्तकी चढली, कैदी चढले. आपल्या माणसानं बाह्या सारल्या आणि चाकाला हात घातला. पाटील उठले.

त्याच क्षणी चाचाही उठले. त्यांनी दाराशी जाऊन अंदाजानं चपला शोधल्या, पायात घातल्या, "चालू द्या तुमचं" म्हणाले आणि बाहेर पडले. पाटलांचा हात स्विचवर तसाच राहिला.

मी मागोमाग गेले. चाचा अंगणाच्या फाटकाशी उभे होते, एक हात फाटकावर, जसं काही ते आत्ता सुटणार आहे.

"चाचा, शेवट राहिला."

"राहू द्या."

"तुम्हाला बघायचा होता ना?"

"इथपावतरच पाह्यचा होता. दिसला बराचसा." आतून संगीत ऐकू येत होतं, ते चढत चाललं होतं. चाचांनी कान तिकडं लावला आणि अगदी सहज विचारलं, "तुमी काल मोबाईलवर पाह्यलाच असन. काय होते शेवटी?"

साक्षीदाराला देतात ती शपथ मला तोंडपाठ आहे. खोट्या साक्षीला काय शिक्षा होते तेही ठाऊक आहे.

"येतो सुखरूप," मी म्हणाले.

"कसा?"

"दुसरा पाळणा येतो. त्यात बसून."

चाचांनी गॉगल काढला. त्यांचे डोळे पांढुरके झाले होते, पण ते नेमके माझ्याकडं होते.

"पाळना नवीन हाये," ते म्हणाले. "घोडा झाला, छत्री झाली, पोहून बी आला. थ्या डोंगरात पोहाले पानी कोठचं, थे काई मले समजलं नाई. पाळना कोनी आनला नव्हता." मग गॉगल सदऱ्याला पुसत म्हणाले, "तुमी बी रिठदच्याच निंगाल्या, मॅडम."

"म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून..."

"उमरभर गाडीत बसनारा मानूस पाह्यला म्या. आपला मानूस वाचलेला पिच्चर पाहून आलेली गाडी अशी चूप राहाते का? बाया पदरानं नाक पुसून राह्यल्या, आन मले म्हनते, आला सुखरूप."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"काय बोलू? अख्खं गाव माह्यासाठी खोटं बोलून राह्यलं होतं. आन धड बोलता बी येत नाई त्याइले." ते हसले. "म्या डोळ्यानं पाह्यलं, की मंग त्याइचं खोटं पडते. नाई पाह्यलं, त थो कधी घोड्यावर येते, कधी छत्रीनं येते. येते त सई."

मला रडू आलं. ते लपवायला मी कुंडीतल्या तुटक्या पानाकडं बघत राहिले. चाचांना दिसलं नसावं, किंवा दिसलं असलं तरी त्यांनी ते राखून ठेवलं.

आतलं संगीत थांबलं. थोड्या वेळानं तिघं बाहेर आले, मागं चाची. पाटलांनी स्विच पाडलाच नव्हता. साहेब बाहेर गेल्यावर त्यांना शेवट पुन्हा बघायचा मोह झाला असणार. गुरुजी चष्मा काढून हातात धरून होते. आत्याबाई पदरानं नाक पुसत होत्या. चौघंही पायरीवर थबकले, कारण फाटकाशी चाचा उभे होते, गॉगल पुन्हा डोळ्यांवर चढवून.

"काय झालं आपल्या मानसाचं?" त्यांनी विचारलं.

पाटलांनी गुरुजींकडं पाहिलं, गुरुजींनी आत्याबाईंकडं.

"आला जी," आत्याबाई म्हणाल्या. "सुखरूप आला."

"हाव," चाची मागून म्हणाल्या. "म्या बी पाह्यलं."

चाचांनी मान हलवली आणि फाटकावरचा हात काढला.

"बसा मंग," ते म्हणाले.